तिसरं कोटेशन

...आणि वर पोरगी मलाच म्हणते, "बाबा, तुम्ही साध्या गोष्टीचा कागद केलात!" आता तुम्हीच सांगा, गोष्ट साधी होती का? पोरीने एका परक्या देशातून उठून दुसऱ्या परक्या देशात जायचं, तिथल्या दोन शहरांपैकी एक निवडायचं, तेही शुक्रवारपर्यंत कळवायचं, आणि कागद करायचा नाही? अहो, आमच्या पाटबंधारे खात्यात साहेबांच्या खुर्चीची वेताची बैठक फाटली तरी कागद व्हायचा! तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, खाली तयार करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही, मग साहेबांची सही... तोवर साहेब निवृत्त व्हायचे ते सोडा, पण खुर्ची विणली जायची ती नियमाने! मग यात माझं चुकलं कुठे?

तुम्हाला सांगतो, मी सूर्यकांत. एका तालुक्याच्या गावी, पाटबंधाऱ्याच्या उपविभागात चौतीस वर्षं कारकुनी केली, वरिष्ठ लिपिक म्हणून बाहेर पडलो. आमच्या खात्यात वरिष्ठ म्हणजे ज्याला डबा खाताना कुणी उठवत नाही तो. आता तीन महिने झाले, मी आणि आमची मंदाकिनी, इथे कॅनडात, हॅमिल्टनला मुलीकडे आहोत. सुरुची तिचं नाव. कॉम्प्युटरवाली. नोकरी टोरोंटोत, राहणं हॅमिल्टनात. का? तर टोरोंटोचं भाडं परवडत नाही म्हणून हॅमिल्टनला राहायचं, आणि हॅमिल्टनला तसा पगार नाही म्हणून टोरोंटोला जायचं! दीड तास जायला, दीड तास यायला. घर म्हणजे बेसमेंट. खिडकी आहे, नाही असं नाही, पण तिच्यातून फक्त लोकांचे बूट दिसतात. एप्रिल उजाडला तरी त्या बुटांना बर्फ. मी आता बुटांवरून माणूस ओळखतो.

तर पोरीचं वर्क परमिट सप्टेंबरात संपतंय, आणि ते पीआर का काय, कायम राहायचा परवाना, त्याचे गुण मोजतात म्हणे. वयाला गुण, इंग्रजीला गुण, शिक्षणाला गुण... आणि रेघ ओढतात. रेघेच्या वर तो आत, खाली तो थांब. आमची पोरगी दर वेळी नऊ गुणांनी खाली! तिने कसून नऊ मिळवले की रेघ वर जाते. शेवटी कंटाळून तिने इंग्लंडातल्या एका कंपनीत अर्ज टाकला आणि त्यांनी उचलली की हो तिला! म्हणाले, काम एकच, ऑफिसं दोन. लंडनला बसा नाहीतर मँचेस्टरला बसा. लंडनला वर्षाला बावन्न हजार पौंड, मँचेस्टरला त्रेचाळीस. शुक्रवारी उत्तर द्या.

रविवारी दुपारी पोरगी माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, मला काही सुचतच नाहीये. लंडनला पैसे जास्त, पण एव्हरीथिंग इज सो एक्स्पेन्सिव्ह. तुम्ही ऑफिसात काहीतरी करायचात ना? ते मोठ्ठं शीट?"

बघा हं, ती म्हणाली. मी नाही गेलो. निवृत्त झाल्यापासून आठ वर्षांत मला कुणी काही विचारलं असेल तर ते "चहा घेणार का" एवढंच, आणि आज माझी इंजिनिअर पोरगी माझ्याकडे तुलनात्मक तक्ता मागते! ऊर भरून आला हो. म्हणाली, एक्सेलवर करूया. म्हटलं, एक्सेलवर सही कुठे करतात? वर आमचे घरमालक राहतात, व्हॅलेरियन म्हणून, वसईचे, चाळीस वर्षं इथल्या पोलादाच्या कारखान्यात काढली. त्यांच्याकडून चर्चचं गेल्या वर्षीचं मोठं कॅलेंडर आणलं, उलटं पसरलं, बिस्किटाच्या खोक्याच्या कडेने रेघा मारल्या. अनुक्रमांक, बाब, लंडन, मँचेस्टर, शेरा. शेऱ्याला जागा जास्त ठेवली. शेरा हाच तक्त्याचा आत्मा असतो.

झालं, सुरू! पोरगी फोनमध्ये बघून आकडे सांगते, मी लिहितो, आणि मंदाकिनी प्रत्येक आकड्याचे रुपये करते! लंडनचं भाडं महिना सतराशे पन्नास पौंड. मंदाकिनीने हिशेब केला आणि भिंतीला टेकून बसली. "दोन लाख? अहो, दोन लाखांत एक खोली?" सुरुची म्हणते, "आई, खाली लिहिलंय ना, कोझी." "कोझी म्हणजे गं?" "कोझी म्हणजे बेडवरून हात लांब केला की गॅस लागतो." मँचेस्टरला एक हजार पन्नास, तिथे हात पुरत नाही, उठावं लागतं. मग कौन्सिल टॅक्स. म्हटलं, हा काय प्रकार? तर घरपट्टी! घर दुसऱ्याचं आणि घरपट्टी भाडेकरूने भरायची! आमच्या गावच्या घरमालकांना हे कळलं तर पेढे वाटतील. मग प्रवास, वीज, किराणा, शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता... "मेथीची जुडी लिहा," मंदाकिनी म्हणाली. "आई, मेथी ग्रोसरीत आली." "ग्रोसरीत येऊ दे, मला वेगळी बघायचीय." लिहिली वेगळी. नियमात बसत नव्हतं, पण संसार करायचा आहे ना मला?

तर तुम्हाला सांगतो, गंमत अशी, की कर कापून हातात येणारा पगार लंडनला महिना पाचशे वीसने जास्त, आणि भाडं सातशेने जास्त. म्हणजे लंडन पुढच्या दाराने देतं आणि मागच्या दाराने भाजीसकट घेऊन जातं! सगळं वजा जाता शिल्लक: लंडन पाचशे सहा, मँचेस्टर सातशे नव्वद. सरळ आहे की नाही? मँचेस्टर. विषय संपला. सही करायची आणि उठायचं.

पण मी सही करेना. का करेना? अहो, कोटेशनं दोनच! दोन कोटेशनांवर मी चौतीस वर्षांत टाचणीची डबी घेतली नाही, आणि पोरीचं आयुष्य घेऊ? तिसरं हवंच. आता तुम्ही म्हणाल, तिसरं कुठून आणायचं? त्याची एक रीत असते. ठेकेदार तिन्ही कोटेशनं स्वतःच आणायचा. एक त्याचं, एक मेव्हण्याचं, आणि तिसरं अशा दुकानाचं जे कधीच बंद पडलंय पण लेटरहेडं उरलीत. तिन्हींत अक्षर एकच! शाई तेवढी वेगळी, इतपत लाज बाळगायचे. ते तिसरं नुसतं कागद पुरा करायला. त्याला काम मिळायचंच नसतं, म्हणून त्याचा दर सगळ्यांत चढा टाकायचा.

म्हटलं, तिसरं आपल्या घरातच आहे. हॅमिल्टन!

"बाबा, ते ऑप्शनच नाहीये," पोरगी म्हणाली. "बॉस म्हणालाय, वन मोर इयर कसंतरी मॅनेज करू, देन वी विल सी. मला आता हे 'वी विल सी' ऐकायचंच नाहीये."

"अगं, कागदापुरतं!" म्हटलं. "नुसतं कागदापुरतं!"

आता यात माझं चुकलं कुठे? रकाना वाढवला. आकडे शोधायची गरजच नव्हती, तिचं गेल्या वर्षाचं बँकेचं स्टेटमेंट समोर, सगळे अस्सल, पावतीसह. भाडं, रेल्वे, फोन, किराणा, कर्जाचा हप्ता... बँकेने छापलेली खर्चाच्या बाबींची अख्खी यादी उतरवली, लंडन-मँचेस्टरसमोर कोरी सोडली; जिथे खर्च नाही तिथे आडवी रेघ. डॉलरचे पौंड केले, बेरीज केली, वजाबाकी केली. शिल्लक नऊशे पाच! बोगस कोटेशन पहिलं आलं! तुम्हाला सांगतो, असं आमच्या खात्याच्या इतिहासात कधी झालं नव्हतं.

मंदाकिनी म्हणाली, "म्हणजे इथेच राहायचं म्हणता? बरं आहे की. माहितीतलं घर आहे." आणि सुरुची त्या नऊशे पाचकडे बघत राहिली. आकड्याकडे बघतात तशी नाही हो, दवाखान्यात रिपोर्टकडे बघतात तशी. म्हणाली, "ठीक आहे. नंबर्स आर नंबर्स. राहते एक वर्ष." उठली आणि सिंकमधले कप धुवायला लागली. कप आधीच धुतलेले होते.

मी म्हटलं, "अगं, पण तुला नको असेल तर..." "नाही बाबा, तुम्ही एवढं केलंत ना." पाठमोरीच बोलली. आता करा काय करायचं ते! सगळ्यांत किफायतशीर कोटेशन नाकारायचं तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि "पोरगी कप दोनदा धुते" हे कारण कुठल्या नियमात बसतं? सोमवार गेला, मंगळवार गेला. पोरगी सकाळी अंधारात जाते, अंधार पडता येते, जेवते, "गुड नाईट बाबा" म्हणते. तक्ता भिंतीवर. मी त्याच्याकडे बघतो, तो माझ्याकडे बघतो. बेरीज चार वेळा तपासली. बरोबर! हीच तर पंचाईत, बेरीज बरोबर होती!

बुधवारी व्हॅलेरियन खाली आले, भट्टीचा फिल्टर बदलायला. भट्टी म्हणजे घर गरम ठेवायची. आले, आणि फिल्टर हातात धरून तक्त्यासमोर उभेच राहिले.

"सूर्यकांत, हे माझं चर्चचं कॅलेंडर ना रे? पाठीमागे तू काय इन्कम टॅक्स भरलास?" मग चष्मा चढवला. "रेंट बरोबर लिहिलंस. हां, ट्रेन बरोबर... मॅन, या लाइन्स काय आहेत?"

म्हटलं, "तिथे खर्च नाही."

"खर्च नाही म्हणजे? डेंटिस्ट, लाइन. फर्निचर, लाइन. इंडियाला जाणं, लाइन. बाहेर खाणं, लाइन. सिनेमा, लाइन." प्रत्येक रेघेवर बोट ठेवत खाली आले आणि माझ्याकडे वळले. "सूर्यकांत, माझी वाइफ, सेलेस्टीन, गेली ना, त्या वर्षी माझापण हिशेब असाच होता. सगळ्या लाइन्स. त्या वर्षी लय सेव्हिंग झाली माझी."

आणि फिल्टर बदलायला गेले.

तुम्हाला सांगतो, मी भट्टीजवळच्या मोडक्या स्टुलावर बसलो तो बसलोच. अहो, हा तर ठेकेदारांचा सगळ्यांत जुना डाव! कालव्याच्या कामाला एकाने असा दर टाकला होता, सगळ्यांपेक्षा पाऊण लाखाने कमी. साहेब खूश, सगळे खूश. मी कागद वर धरला आणि म्हटलं, साहेब, यात माती उपसायची बाबच नाही! न उपसता कालवा! बाबी गाळल्या की दर पडतोच. तो कागद मी पकडला म्हणून मला साहेबांनी सगळ्यांसमोर चहा पाजला होता, आणि तीस वर्षं मी ती गोष्ट येईल त्याला सांगितली. आणि पोटच्या पोरीच्या कागदावर तोच डाव, माझ्याच अक्षरात, मीच बिस्किटाच्या खोक्याने रेघा मारून! कुणी गाळल्या बाबी? तिनेच. आज नको, पीआर आल्यावर. पलंग नको, पीआर आल्यावर. चार वर्षं पोरगी जमिनीवर गादी टाकून झोपते, आणि मी म्हणत होतो, वा, पाठीला चांगलं! डाव्या बाजूनेच चावते, मी म्हटलं, सवय असेल. तीन वर्षं गावी आली नाही, तर मी वाचनालयात चारचौघांत सांगायचो, "आमची सुरुची फार काटकसरी!" काटकसर! ही काटकसर? यात माझं चुकलं कुठे, हे मी आजवर जगाला विचारत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा मी न विचारता उत्तर आलं.

गुरुवारी पोरगी कामावरून आली. कोटसुद्धा काढू दिला नाही. म्हटलं, उभी राहा, निर्णय वाचून दाखवतो. लाल शाईत लिहिलं होतं. "कोटेशन क्रमांक तीन, हॅमिल्टन. सदर कोटेशनात दात, पलंग, घरी जाणे, बाहेर जेवणे व करमणूक या बाबींचे दर नमूद नाहीत. कोटेशन अपूर्ण. सबब अमान्य."

ती हसली. खूप हसली. मग कोट तसाच अंगावर ठेवून खाली बसली आणि हसू कुठे संपलं ते कळलं नाही. मंदाकिनी तिच्या शेजारी बसली. मी पेनाचं टोपण काढलं आणि घातलं. अशा वेळी माणसाने दुसरं काय करायचं असतं, मला कुणी शिकवलेलं नाही.

मग म्हटलं, चला, उरलेल्या दोन शहरांत गाळलेल्या बाबी भरा. तुला काय काय लागतं ते बोल. आधी बोलेचना! "काही नाही हो, चालतं." म्हटलं, 'चालतं' ही बाब तक्त्यात नाही. मग एकेक निघायला लागलं. पलंग. दात. वर्षातून एकदा घरी. रविवारी बाहेर जेवण. आणि हळूच म्हणते, "पोहायला शिकायचं होतं मला." लिहिलं. मंदाकिनी म्हणाली, "वर्षाला एक साडी लिहा." "आई, मी तिथे साडी नेसणार कुठे?" "तू नाही गं, मी. मी येईन तेव्हा." लिहिली. सगळं मिळून महिना सहाशे वीस पौंड. मँचेस्टरात उरतात एकशे सत्तर. लंडनात? उणे एकशे चौदा! मी मँचेस्टरला गोल केला आणि म्हटलं, बाळ, कर सही.

तिने माझ्या हातातून पेन घेतलं. मँचेस्टरवर सही करेल म्हणून मी बोटाने जागा दाखवतोय, तर ही शेऱ्याच्या रकान्यात 'लंडन' म्हणून पुढे लिहिते आहे! मराठीत, चौथीतल्या अक्षरात. "आजारी पडले तर दार वाजवायला कुणीतरी आहे."

म्हटलं, "म्हणजे काय?"

तर गेल्या वर्षी जानेवारीत चार दिवस तापाने फणफणली होती. आम्हाला फोनवर काय सांगितलं? "घसा जरा धरलाय." व्हॅलेरियन त्या वेळी वसईला गेलेले. त्यांची पुतणी बियांका, ही पहिल्या वर्षी इथेच सुरुचीबरोबर राहायची, मग लग्न करून लंडनला गेली. ती तिथून दर दोन तासांनी फोन करत होती. चौथ्या दिवशी हिने फोन उचलला नाही, तर त्या पोरीने लंडनहून इथल्या पिझ्झाच्या दुकानात ऑर्डर नोंदवली आणि सांगितलं, पिझ्झा नाही दिलात तरी चालेल, पण दार उघडेपर्यंत वाजवत राहा! त्या पिझ्झावाल्याने वाजवलं म्हणे वीस मिनिटं. ती बियांका आता लंडनच्या ऑफिसपासून दोन स्टेशनांवर राहते.

"तुम्हाला टेन्शन येईल म्हणून नाही सांगितलं, बाबा." असं म्हणाली. मंदाकिनीने पोरीच्या कपाळावर हात ठेवला, जसा काही तो ताप अजून उतरायचाच आहे.

आता मी काय करू? आमच्याकडे दरसूची असते, जाडजूड, मातीपासून खिळ्यापर्यंत सगळ्याचे दर त्यात. मला ती तोंडपाठ. दार वाजवायला माणूस, दर प्रति नग... ही बाब नाही हो त्यात! मी म्हटलं, बरं, कारण लेखी दिलंय, मान्य. पण उणे एकशे चौदाचं काय? तुटीचा प्रस्ताव पुढे जात नाही. तर पोरगी लगेच म्हणते, "मी स्विमिंग काढते." मंदाकिनी म्हणते, "माझी साडी काढा." मी ओरडलोच! "एकही बाब गाळायची नाही! एकदा गाळलीत तेवढं पुरे!" आणि खाली लिहून टाकलं: "तूट दरमहा रुपये साडेतेरा हजार फक्त, तयार करणाऱ्याच्या पेन्शनमधून भागवावी." सही, तारीख. तपासणाऱ्याच्या जागी मंदाकिनीची सही घेतली. तिने मेथीचा आकडा बघूनच केली.

शुक्रवारी पोरीने लंडनला होकार कळवला. आणि सोमवारी मी आमच्या गावच्या बँकेत फोन लावला, परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म ईमेलने भरून दिला होता त्यासाठी. तिथल्या बाई म्हणाल्या, "काका, तुमचा फॉर्म उलटा झालाय. मुलगी लंडनला नोकरीला, आणि तुम्ही इथे पेन्शनर, बरोबर ना? मग पैसे तिकडून इकडे येणार. तुम्ही पाठवणारा आणि घेणारा बदललेत!"

म्हटलं, "बाई, फॉर्म बरोबर आहे. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात होतो, पाणी उताराकडे जातं हे मला ठाऊक आहे. पण शेत वर असलं की उपसा योजना करतात. पंप बसवायचा, पाणी चढवायचं आणि बिल भरायचं. तसं समजा."

बाईंनी पुढचा रकाना विचारला. "किती महिने पाठवायचे, काका? योजना कधी पूर्ण होणार लिहू?"

म्हटलं, "बाई, तुमचं वय काय? उपसा योजना पूर्ण झालेली तुम्ही कधी पाहिलीत?"